पँटो, फार्स आणि विनोदी म्युझिकल: ब्रिटनमध्ये हसायला जाण्याची पूर्ण तयारी

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा लागला की ब्रिटनमधल्या बहुतेक शहरांचं मुख्य नाट्यगृह पँटोमाइमच्या ताब्यात जातं. जानेवारीचा पहिला-दुसरा आठवडा उजाडेपर्यंत तिथं दुसरं काही होत नाही, आणि बहुतेक दिवशी दोन-दोन प्रयोग असतात. नावावरून अनेकांना हे मूकनाट्य वाटतं, पण तसं ते अजिबात नाही. पँटो म्हणजे परीकथा, गाणी, नाच, कोट्या आणि प्रेक्षकांचा आरडाओरडा. फार्स आणि विनोदी म्युझिकल मात्र वर्षभर चालू असतात. हसवणं तिन्हींचं काम असलं, तरी प्रेक्षकाकडून प्रत्येकाची मागणी वेगळी असते. पँटोला तुमचा आवाज लागतो, फार्सला लक्ष लागतं आणि म्युझिकलला थोडी पूर्वतयारी. कुठलं तिकीट काढायचं, कुठं बसायचं, किती वाजता पोहोचायचं, हे सगळं त्यावरूनच ठरतं.

पँटो: आधी नाट्यगृह निवडा, मग गोष्ट

नवखा माणूस ‘सिंड्रेला’ की ‘अलादीन’ असा विचार करतो. खरा फरक पडतो तो नाट्यगृहामुळे. ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिला प्रकार मोठ्या व्यावसायिक थिएटरांचा: टीव्हीवरचे चेहरे, भव्य सेट, उडणारी रथगाडी. लंडन पॅलेडियममध्ये २०१६ पासून पँटो पुन्हा सुरू झाला आणि तो या प्रकाराचं टोक आहे. तिथं ज्युलियन क्लेरी या विनोदी नटाच्या द्व्यर्थी विनोदांचा मारा असतो. लहानांच्या ते डोक्यावरून जातात, पण बारा-तेरा वर्षांच्या मुलांसोबत बसलेल्या पालकांना अवघडल्यासारखं होऊ शकतं. तिकिटंही महाग, चांगल्या जागेला शंभर पौंडांच्या वर सहज जातात.

दुसरा प्रकार स्वतःचा पँटो स्वतः बांधणाऱ्या थिएटरांचा. पूर्व लंडनचं हॅकनी एम्पायर (फ्रँक मॅचम यांनी बांधलेलं, १९०१), स्ट्रॅटफर्ड ईस्टचं थिएटर रॉयल, नॉटिंगहॅम प्लेहाउस, कॉव्हेंट्रीचं बेलग्रेड ही त्यातली नावं. इथं लेखक शहर ओळखून लिहितो. पँटोतली विनोदी बाई पुरुषच रंगवतो, आणि ते काम करणारा नट बऱ्याचदा वर्षानुवर्षं तोच असतो. हॅकनीत क्लाइव्ह रो यांच्या नावावर लोक वर्षानुवर्षं तिकिटं काढत आले. पहिलाच पँटो बघायचा असेल तर यांपैकीच एखादं थिएटर निवडा. तारे कमी असतात, पण खेळ घट्ट असतो आणि पँटोचे संकेत पूर्ण पाळलेले असतात.

तिसरा प्रकार गावातल्या हौशी मंडळींचा. तो बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत कम्युनिटी हॉलमध्ये होतो आणि तिकीट अगदी स्वस्त असतं. विनोद पूर्णपणे गावातल्या माणसांवर असतात, त्यामुळे त्या गावात राहत असाल तरच खरी मजा.

आता गोष्ट. ‘जॅक अँड द बीनस्टॉक’ पहिल्या वेळेला सगळ्यात सोपी: गरीब आई, तिचा मुलगा, गाय, राक्षस. ‘सिंड्रेला’त देखावा सर्वांत सुंदर, पण तिथं एका विनोदी बाईऐवजी दोन कुरूप सावत्र बहिणी असतात. ‘डिक व्हिटिंग्टन’ लंडनच्या खऱ्याखुऱ्या महापौरावर बेतलेली आहे. ‘मदर गूज’ ही जाणकारांची आवडती, कारण तिची नायिकाच विनोदी बाई असते. लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात १९०२ साली डॅन लेनो या विनोदी नटासाठी तिला हे रूप दिलं गेलं. ‘अलादीन’बद्दल एक सूचना: जुन्या पद्धतीच्या प्रयोगांत कथा चीनमध्ये घडायची आणि चिनी माणसांची व्यंगचित्रं असत. अनेक थिएटरांनी कथेची जागा आता बदलली आहे, पण लहान मुलांना नेण्याआधी त्या थिएटरची माहिती वाचून घ्या.

तिकीट कधी आणि कुठलं

शाळांच्या सुट्टीतले, विशेषतः २० डिसेंबरनंतरचे शनिवार-रविवार आधी भरतात. चार-पाच जागा एकत्र हव्या असतील तर सप्टेंबरच्या आत काढून ठेवा. डिसेंबरच्या सुरुवातीला आठवड्याच्या दिवशी सकाळी दहा-साडेदहाचे प्रयोग असतात. ते शाळांचे. तिकीट स्वस्त मिळतं, पण हजारभर मुलांच्या किंकाळ्या सहन होतील का, हे आधी ठरवा. सर्वांत चांगला सौदा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातला: जागा मिळते, दर उतरलेले असतात आणि महिनाभरात नटांच्या उत्स्फूर्त कोट्या पिकलेल्या असतात. एखाद-दुसऱ्याचा आवाज तोवर बसलेला असतो, तेवढी किंमत मोजावी लागते.

नाताळच्या दिवशी, २५ डिसेंबरला, प्रयोग नसतात. २६ तारखेला असतात आणि ती पँटोची जुनी, मानाची तारीख आहे. पण त्या दिवशी रेल्वेगाड्या जवळजवळ बंद असतात. लंडनची ट्यूब चालते, तीही कमी. दुसऱ्या शहरात जायचं असेल तर गाडीची सोय केल्याशिवाय २६ चं तिकीट काढू नका. दरवर्षी लोक इथंच फसतात.

तिकीट थिएटरच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच घ्या. सर्चमध्ये वर येणाऱ्या पुनर्विक्रीच्या साइटवर तेच तिकीट दीडपट-दुपटीने विकलं जातं. लंडनबाहेर बऱ्या जागेला साधारण २० ते ४० पौंड धरा, आणि वर बुकिंग फीचे काही पौंड. दहाच्या वर माणसं असतील तर बहुतेक ठिकाणी ग्रुपचा वेगळा दर असतो, त्यासाठी फोन करावा लागतो. ब्रिटनमधल्या महाराष्ट्र मंडळांनी सहल काढली तर हा दर जरूर मागावा. त्याच फोनवर एक गोष्ट विचारा: प्रयोगाच्या शेवटी मंचावरून ग्रुपची आणि वाढदिवसांची नावं वाचतात का? बऱ्याच ठिकाणी वाचतात, पण नाव आधी नोंदवावं लागतं. लिहून देताना उच्चाराप्रमाणे सुटं लिहा, म्हणजे ‘ज्ञानेश्वरी’ बिचारी भलत्याच रूपात ऐकू येणार नाही.

जागेबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण जुन्या थिएटरांत दराइतकीच जागाही फसवते. खालचा मजला म्हणजे स्टॉल्स. त्यावर ड्रेस किंवा रॉयल सर्कल, त्यावर अपर किंवा ग्रँड सर्कल, काही ठिकाणी आणखी वर बाल्कनी. लहान मुलं असतील तर स्टॉल्सची पाचवी ते बारावी रांग बघा आणि आत शिरल्याबरोबर बूस्टर उशी मागून घ्या. त्या मोजक्याच असतात आणि पहिल्या दहा मिनिटांत संपतात. सर्कलची पहिली रांग दिसायला मोहक असते, पण समोरचा कठडा मुलांच्या नेमका डोळ्यांसमोर येतो. त्यापेक्षा सर्कलची तिसरी रांग बरी. अपर सर्कलचा चढ अंगावर येणारा असतो, पायऱ्या अरुंद असतात आणि शंभर-सव्वाशे वर्षांच्या इमारतींत वरपर्यंत लिफ्ट नसते. भारतातून आलेल्या आई-बाबांचे गुडघे दुखत असतील तर स्टॉल्सच घ्या. तिथंही किती पायऱ्या उतराव्या लागतात हे विचारा, कारण अनेक ठिकाणी स्टॉल्स रस्त्याच्या पातळीखाली असतात. ‘रिस्ट्रिक्टेड व्ह्यू’ लिहिलेल्या स्वस्त जागेसमोर खांब किंवा वरच्या मजल्याचा काठ असतो. पँटोत ते एकवेळ चालेल, फार्सला मात्र अजिबात नाही.

पहिल्या तीन रांगांत पाण्याच्या पिचकाऱ्या येतात. कडेच्या खुर्चीवर बसलेल्या एखाद्या पुरुषाला विनोदी बाई ‘आजचा माझा नवरा’ म्हणून निवडते आणि दोन तास त्याचं नाव घेत राहते. हे नको असेल तर आत सरकून बसा. हवं असेल तर तिसऱ्या रांगेची कडेची खुर्ची घ्या.

प्रयोग कसा उलगडतो आणि तुम्ही काय ओरडायचं

मध्यंतर धरून दोन ते अडीच तास. सुरुवातीला प्रेक्षकांच्या डाव्या हाताने परी येते आणि उजव्या हाताने खलनायक. हा संकेत फार जुना आहे आणि बहुतेक ठिकाणी अजून पाळतात. दोघंही यमकात बोलतात. खलनायक दिसला की लगेच ‘बूऽऽ’ करायचं. प्रत्येक प्रवेशाला करायचं आणि शेवटी तो वंदन करायला आला तरी करायचं. ती त्याची पावती आहे. शांत बसलेलं थिएटर म्हणजे खलनायकाचं काम फसलं.

मग विनोदी पोऱ्या येतो (सिंड्रेलात त्याचं नाव बटन्स) आणि प्रेक्षकांना एक हाक शिकवतो: मी असं म्हटलं की तुम्ही असं म्हणा. ती नीट लक्षात ठेवा, पुढं दहा-बारा वेळा लागते. तो स्वतःचं दुःख सांगू लागला की सगळे ‘आऽऽह’ करतात, तो म्हणतो की माझं दुःख याहून मोठं आहे, मग दुप्पट मोठं ‘आऽऽह’.

कुणी ‘ओह नो इट इझन्ट’ म्हटलं की उत्तर ‘ओह येस इट इज’, आणि उलटही तसंच. नियम एवढाच की मंचावरचा जे म्हणेल त्याच्या विरुद्ध. नायकाच्या मागे भूत येऊन उभं राहिलं की ‘इट्स बिहाइंड यू’. या भुताच्या प्रसंगात तीन-चार जण बाकावर बसून गाणं म्हणतात, भूत एकेकाला पळवतं, आणि शेवटी उरलेल्या विनोदी बाईला बघून भूतच घाबरून पळतं. रचना वर्षानुवर्षं तीच आहे, आणि पुढं काय होणार हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणूनच ओरडायला जोर येतो. प्रेमगीताच्या वेळी आणि परीच्या गंभीर भाषणात मात्र गप्प राहायचं.

विनोदी बाईला ‘डेम’ म्हणतात आणि ते काम पुरुष करतो. मराठी प्रेक्षकाने इथं बालगंधर्व डोळ्यांपुढे आणू नयेत. आपल्याला जवळची आहे ती तमाशाच्या गवळणीतली मावशी. पुरुषाने बाईचा वेश घातलाय हे लपवायचं नसतं, तेच तर विनोदाचं भांडवल असतं. डेम प्रेक्षकांशी थेट बोलते, स्थानिक नगरपालिकेपासून पंतप्रधानांपर्यंत सगळ्यांना चिमटे काढते आणि प्रत्येक प्रवेशाला आधीपेक्षा अचाट पोशाख घालून येते. प्रयोगाच्या आधी आठवडाभर त्या शहराच्या बातम्या चाळून जा. बंद पडलेला पूल, शेजारच्या गावाशी असलेली फुटबॉलची खुन्नस, रखडलेलं रस्त्याचं काम: निम्मे हशे तिथून येतात. उलट बाजूने, नायकाचं काम पूर्वी हमखास तरुणी करत असे, उंच बूट घालून मांडीवर थाप मारत. आता अनेक ठिकाणी पुरुषच असतो.

मध्यंतराच्या आधी बहुधा मोठा जादूचा बदल असतो, म्हणजे भोपळ्याचा रथ होतो किंवा वेल आभाळाला भिडते. तेव्हा मोठे आवाज आणि धूर असतो. चार वर्षांखालची मुलं तिथं रडायला लागतात, म्हणून त्यांना आधीच कानात सांगून ठेवा. आवाज सहन न होणाऱ्या किंवा ऑटिस्टिक मुलांसाठी ‘रिलॅक्स्ड’ प्रयोग असतात. त्यात प्रेक्षागृहातला उजेड पूर्ण घालवत नाहीत, आवाज कमी असतो, उठून बाहेर जाऊन परत येता येतं. हंगामात असे प्रयोग एक-दोनच असतात, तारीख आधी बघा.

दुसऱ्या अंकात पिठाचा, फेसाचा किंवा रंगाचा राडा घालणारा प्रसंग येतो, आणि अगदी शेवटाआधी पडद्यापुढे सामूहिक गाणं. शब्द वरून फलकावर उतरतात, प्रेक्षागृहाचे दोन भाग करून कोण मोठ्याने म्हणतं अशी चढाओढ लावतात, तीन-चार मुलांना मंचावर बोलावतात. हे उगीच लांबवलेलं नसतं. त्याच वेळी पडद्यामागे लग्नाचा शेवटचा सेट लागत असतो आणि सगळी मंडळी पोशाख बदलत असतात. गाणं संपलं म्हणून कोट घालून निघणाऱ्यांचा सर्वांत झगमगीत प्रवेश चुकतो: सगळे पायऱ्यांवरून एकेक करत उतरतात आणि यमकातल्या दोन ओळींनी खेळ संपतो. त्या शेवटच्या दोन ओळी तालमीत म्हणायच्या नाहीत, पहिल्या प्रयोगालाच म्हणायच्या, असा नटांमध्ये अजून रिवाज आहे.

फार्स: एक मिनिटही उशीर नको

फार्सची नाळ मराठी प्रेक्षकाला ओळखीची आहे. अत्रे यांचं ‘मोरूची मावशी’ हे ब्रँडन थॉमस यांच्या ‘चार्लीज आंट’वरून आलं, आणि ते मूळ नाटक पहिल्यांदा झालं १८९२ मध्ये, सफक परगण्यातल्या बरी सेंट एडमंड्सच्या थिएटर रॉयलमध्ये. १८१९ सालची ती छोटी, देखणी वास्तू अजून उभी आहे, चालू आहे आणि तिथं दरवर्षी पँटोही होतो. केंब्रिज किंवा इप्सविचला गाडी बदलून तिथं जाता येतं. मराठी नाट्यवेड्याने ती एकदा तरी बघावी, असं मनापासून सांगावंसं वाटतं.

फार्सची पहिली वीस मिनिटं थोडी संथ वाटतात. तिथंच सगळं पेरलेलं असतं: कुठलं दार कुठं उघडतं, कोण कुणाला ओळखत नाही, हातातली वस्तू कुठं ठेवली. पुढच्या दीड तासाचा हशा त्याच माहितीवर उभा असतो. उशिरा आलेल्यांना थिएटर नाटकात योग्य क्षण येईपर्यंत बाहेर थांबवतं, कधी थेट मध्यंतरापर्यंत. म्हणून अर्धा तास आधी पोहोचा. बसल्यावर सेटवरची दारं मोजा आणि कुठलं कुठं आहे ते नजरेत भरा.

जागा मधलीच हवी. स्टॉल्सच्या सहाव्या रांगेपासून मागे किंवा ड्रेस सर्कलची पुढची बाजू. कडेच्या जागेवरून त्याच बाजूची दारं दिसत नाहीत, आणि नेमकी तिथूनच कुणीतरी एन्ट्री घेतं.

लंडनमध्ये सुरुवात ‘द प्ले दॅट गोज राँग’ने करावी. २०१२ साली इझ्लिंग्टनमधल्या एका पबच्या वरच्या छोट्या थिएटरमध्ये सुरू झालेला हा प्रयोग २०१४ पासून डचेस थिएटरमध्ये आहे. हौशी संस्था रहस्यनाट्य करतेय आणि सगळं कोसळतंय, एवढीच कल्पना. वेळेआधी पंधरा मिनिटं जाऊन बसा, कारण तिसरी घंटा होण्याआधीच ‘कामगार’ सेट दुरुस्त करत प्रेक्षकांत फिरत असतात आणि ते नाटकच असतं. छापील प्रोग्रॅम विकत घ्यावा लागतो, पण इथं तो घ्याच. त्यात त्या काल्पनिक हौशी संस्थेचा खोटा प्रोग्रॅम असतो आणि तो पडदा उघडण्याआधी वाचायचा असतो.

मायकल फ्रेन यांचं ‘नॉइजेस ऑफ’ (१९८२) कुठंही लागलं तरी सोडू नका. पहिल्या अंकात एका फार्सची तालीम दिसते, दुसऱ्यात तोच अंक मंचामागून, तिसऱ्यात दौऱ्याच्या अखेरचा मोडकळीला आलेला प्रयोग. पहिल्या अंकात सार्डिन माशांच्या बशा कुठं जातात ते पाठ करा. दुसऱ्या अंकात मागची माणसं आवाज न करता भांडतात, त्यामुळे इंग्रजी जेमतेम समजणाऱ्या पाहुण्यालाही तो पुरता कळतो. फार्सचं कथानक आधी वाचू नका.

म्युझिकल: गाणी ऐकून जा

इथं नियम बरोबर उलटा. विनोद गाण्याच्या शब्दांत असतो, शब्द धावत असतात आणि यमक हुकलं की हशा हुकतो. म्हणून मूळ संचातल्या कलाकारांचं ध्वनिमुद्रण एकदा-दोनदा ऐकून जावं. ‘ऑपरेशन मिन्समीट’ याचं नेमकं उदाहरण. १९४३ मध्ये ब्रिटिश हेरखात्याने एका मृतदेहावर खोटी कागदपत्रं ठेवून तो स्पेनच्या किनाऱ्याला लागू दिला आणि जर्मनांना फसवलं, त्या खऱ्या घटनेवर ते बेतलंय. फॉर्च्यून थिएटरमध्ये ते २०२३ ला आलं. पाच नट ढीगभर भूमिका करतात. घटनेची दोन परिच्छेदांची माहिती वाचून गेलात की कोण कोण आहे याचा गोंधळ होत नाही. प्रिन्स ऑफ वेल्स थिएटरचं ‘द बुक ऑफ मॉर्मन’ धर्मावर आणि शिव्यांवर चालतं. मुलांना नेऊ नका, आणि आई-वडिलांना न्यायचं तर आधी कल्पना द्या.

गिल्बर्ट (शब्द) आणि सलिव्हन (संगीत) या जोडीच्या जुन्या विनोदी संगीतिकाही बघण्यासारख्या आहेत. त्यांच्यासाठी बांधलेलं सॅव्हॉय थिएटर १८८१ साली पूर्णपणे विजेच्या दिव्यांवर चालू झालं. त्यांच्या ‘मिकाडो’त नकोशा माणसांची यादी म्हणणारं एक गाणं आहे. त्यातले शब्द प्रत्येक नव्या प्रयोगात चालू घडामोडींवर बदलतात, म्हणून तेवढं आधी ऐकून उपयोग नाही.

संगीत नाटकाच्या सवयीने ‘वन्स मोअर’ देऊ नका, ती प्रथा इथं नाही. सोबत गाऊही नका. त्यावरून शेजाऱ्यांशी वाद होतात आणि थिएटरचे लोक येऊन समज देतात. शेवटी सगळ्यांना उठवून नाचवतात, तेव्हा मोकळं व्हा.

भाषा, पोटपाणी आणि सूट

वेगवान ब्रिटिश इंग्रजी झेपत नसेल तर ‘कॅप्शन्ड’ प्रयोग शोधा. मंचाच्या कडेला पडद्यावर प्रत्येक संवाद लिहून येतो. तो मुळात कमी ऐकू येणाऱ्यांसाठी असतो, पण तिकीट कुणीही काढू शकतं. पडदा नीट दिसणारी जागा मात्र विचारूनच घ्या, आणि ज्यांच्यासाठी तो आहे त्यांच्यासाठी राखीव ठेवलेल्या जागा घेऊ नका.

बहुतेक थिएटरं बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत आणि दारावर पिशव्या तपासतात. मुलांना आधी पोटभर खाऊ घाला. मध्यंतर वीस मिनिटांचं असतं, त्यात स्वच्छतागृहाची रांगच पंधरा मिनिटं खाते, म्हणून एकाने रांगेत उभं राहावं आणि दुसऱ्याने आइसक्रीमचा डबा आणावा. चमचा झाकणातच असतो. पँटोच्या वेळी फॉयरमध्ये (प्रवेशदालनात) लुकलुकणाऱ्या कांड्या विकतात. घ्यायच्या की नाही ते घरूनच ठरवून निघा. मोठी सूटकेस आत घेत नाहीत, विमानतळावरून थेट येऊ नका.

लंडनमध्ये लेस्टर स्क्वेअरच्या टीकेटीएस बूथवर वेस्ट एंडची, म्हणजे मध्य लंडनमधल्या मोठ्या थिएटरांची, सवलतीची तिकिटं मिळतात. अनेक थिएटरं त्याच दिवशीची काही स्वस्त तिकिटं सकाळी तिकीटबारीवर किंवा ॲपवर सोडतात. ऑगस्टमधल्या ‘किड्स वीक’मध्ये पैसे भरलेल्या प्रौढासोबत एका मुलाचं तिकीट मोफत असतं. पँटोसाठी यातलं काही फारसं लागू पडत नाही. त्याची स्वस्त तिकिटं मिळतात ती हंगाम संपायच्या सुमारास: फॉयरमध्ये पुढच्या वर्षीच्या पँटोचं पोस्टर लागतं, अनेक ठिकाणी विक्रीही तेव्हाच सुरू होते आणि मधल्या जागा बहुधा त्याच दिवसांत सर्वांत कमी दराने मिळतात. तारीख ठरत असेल तर बाहेर पडताना तिकीटबारीवर थांबूनच काढा.